गगनभेदीचे मालक

“उद्या दुपारी जेवायच्या आत सांगतो तिथं काय बांधणार आहेत ते. तेही नकाशासकट!”

बेकरीपुढच्या बाकावर बसून चष्मेवाल्यांनी ही घोषणा केली आणि जोर यावा म्हणून मांडीवर थाप मारली. मांडी शेजारच्याची होती. त्याचा चहा सांडला, पण त्या क्षणी चहाकडे लक्ष द्यायला कुणालाच सवड नव्हती.

प्रकरणच तसं होतं. चष्म्याच्या दुकानासमोर नगरपालिकेची एक मोकळी जागा होती. ना कुंपण, ना पाटी. पोरं तिथं खेळायची, गल्लीतल्या गाड्या तिथं उभ्या राहायच्या आणि चष्मेवाल्यांच्या दुकानात दिवसभर जो लख्ख उजेड पडायचा, तोही त्या जागेच्याच कृपेनं. त्या दिवशी सकाळी दोन माणसं आली. तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र लावलं, एक डोळा मिटून इकडेतिकडे बघितलं, लाल खुंट्या ठोकल्या आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेली.

झालं! दुपारपर्यंत त्या जागेवर मॉल उभा राहिला. चार वाजता मॉल पाडून तिथं मोबाइलचा टॉवर आला. संध्याकाळी बेकरीवाल्यांनी टॉवरही हटवला आणि तुरुंग बांधला. “तोही साधासुधा नाही,” ते म्हणाले, “जन्मठेपवाल्यांचा!”

“अंदाज कसले बांधता?” चष्मेवाले म्हणाले. “शहराचा आराखडा सार्वजनिक असतो! नगरपालिकेत जायचं, मी नागरिक आहे म्हणायचं आणि बघायचा. हक्क आहे आपला!”

“नक्की आणाल ना?” मोठ्या बाईंनी विचारलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, गल्लीतून नाही. “की उद्या म्हणाल, वही घरी राहिली?”

चष्मेवाले नुसते हसले. ज्याला सगळं स्पष्ट दिसतं असा माणूस हसतो तसे.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ते नगरपालिकेत गेले. नगररचना विभागात एक कारकून पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून दोन्ही हात टेबलावर पसरून बसला होता.

“आमच्या दुकानासमोरच्या जागेचा आराखडा बघायचाय.”

“बघा की!”

“कुठं?”

“ते मला काय विचारता? आराखडा कंपनीकडे गेला.”

“कंपनीकडे? पण तयार कुणी केला?”

“आम्ही.”

“मोजणी?”

“आमच्याच माणसांनी.”

“मग कंपनीनं काय केलं?”

“नेला,” कारकून म्हणाला.

आता सगळी माहिती कंपनीच्या पोर्टलवर असते, घरबसल्या बघता येते, केवढी सोय झाली, वगैरे त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं.

“आणि तुम्हाला स्वतःला बघायचा झाला तर?”

“आम्हीही तिथंच बघतो. वर्गणी भरून.” कारकुनानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सध्या आमची वर्गणी संपलीय. तुम्हाला दिसलाच, तर जरा आम्हालाही कळवा. साहेब सारखे विचारतात.”

चष्मेवाले दुकानात परतले आणि संगणकापुढे बाह्या सरसावून बसले. पोर्टल उघडलं. हिरवीगार झाडं, हसरं कुटुंब, खाली लिहिलेलं: ‘तुमचं शहर, तुमच्या बोटांवर!’ बोट ठेवलं. पोर्टलनं विचारलं, आपण कोण? विकासक, गुंतवणूकदार, कर्ज देणारी संस्था की वास्तुविशारद?

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. नागरिक कुठंच नव्हता. मग त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक अत्यंत गोड मुलगी फोनवर आली.

“सर, आपण कोण म्हणून बघणार?”

“रहिवासी म्हणून!”

“सर, रहिवासी आमच्या माहितीत असतात. ग्राहकांत नसतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे आम्ही रहिवासी दाखवतो, सर. रहिवाशांना दाखवत नाही.” एवढं भयंकर वाक्य इतक्या गोड आवाजात आजवर कुणी बोललं नसेल. “सर, तुम्ही विकासक निवडा ना! त्यांना पहिला महिना मोफत आहे.”

मोफत म्हटल्यावर चष्मेवाल्यांचं तत्त्व थोडं वाकलं. त्यांनी विकासक निवडला. लगेच पुढचा प्रश्न: संस्थेचं नाव? नावाशिवाय गाडी पुढे सरकेना. चष्मेवाले विचार करत होते तेवढ्यात त्यांना शिंक आली. जन्मजात मोठी शिंक! काचेच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या. वरच्या मजल्यावर बायकोचा शिवणाचा वर्ग चालू होता, तिथून तिचा आवाज आला, “अहो, काय ही गगनभेदी शिंक! पोरीचा टाका चुकला!”

चष्मेवाल्यांनी टाइप केलं: गगनभेदी डेव्हलपर्स.

किती मजले बांधू इच्छिता? चष्मेवाल्यांना एकही बांधायचा नव्हता, पण यादीत सगळ्यात लहान आकडा बारा होता. गरिबानं करायचं काय? बारा.

आणि शहर उघडलं! प्रत्येक गल्ली, प्रत्येक घर. चष्मेवाल्यांना स्वतःची गच्ची दिसली, गच्चीवरची टाकी दिसली, टाकीचं झाकण उघडं राहिलंय तेसुद्धा दिसलं. फक्त समोरच्या मोकळ्या जागेवर एक धुरकट चौकोन होता. त्यांनी चष्मा पुसला. चष्मा बदलला. शेवटी भिंग घेऊन पडद्याला नाक लावलं. आयुष्यभर लोकांना अंधूक का दिसतं हे सांगणारा माणूस, पण आज त्याचा इलाज चालेना. त्यांनी चौकोनावर टिचकी मारली. ‘तपशिलासाठी उच्च श्रेणी घ्या.’ पुन्हा मारली, मग चिडून मारतच सुटले. दर टिचकीला पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडे आणि अक्षरं येत: ‘अभिनंदन, गगनभेदी! तुमची आवड नोंदवली आहे!’

संध्याकाळी बाकावर त्यांनी सांगितलं, “तांत्रिक अडचण आहे.” मोठ्या बाईंनी ‘वही घरी राहिली’ अशा नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या प्रत्येक फोनवर एकच निरोप टणकन येऊन पडला. ‘सावधान! तुमच्या घरासमोरच्या जागेत एका बड्या विकासकाला तीव्र रस आहे. बारा मजल्यांचा विचार! हा विकासक कोण? जाणून घेण्यासाठी आजच आमची जागरूक शेजारी सेवा घ्या.’

बेकरीवाले पाव भट्टीत विसरून बाहेर धावत आले. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथं सभा बोलावली. त्यांनी सभा बोलावली की माणसं रांगेतच उभी राहत. मागं करपलेल्या पावाचा धूर, पुढं संतापलेली गल्ली, असं ते दृश्य होतं.

चष्मेवाले रांगेतून पुढे सरकले. “बाई, मला जरा सांगायचंय…”

“सांगायचं काय? करायचंय! नगरपालिकेत जाऊन आलेला आपल्यात एकच माणूस आहे. मी विरोधी समितीच्या अध्यक्षपदासाठी चष्मेवाल्यांचं नाव सुचवते.”

“पण बाई, तो विकासक…”

“त्याचं नाव मी काढलं!” बेकरीवाले ओरडले. त्यांनी जागरूक शेजारी सेवा घेऊन टाकली होती. “गगनभेदी डेव्हलपर्स!”

“नावावरूनच माजलेला वाटतो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “असल्या माणसाला घरचे कसे सहन करत असतील?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चष्मेवाले एकमतानं अध्यक्ष झाले. लगेच घोषणेचा सराव सुरू झाला. अध्यक्षांनी म्हणायचं ‘गगनभेदी!’ आणि गल्लीनं म्हणायचं ‘चालता हो!’

“गगनभेदी…” अध्यक्ष पुटपुटले.

“घशातून नको, पोटातून!” मोठ्या बाई कडाडल्या. “शत्रूचं नाव घेताय, देवाचं नाही!”

घरी वेगळाच तमाशा चालू होता. फोन थांबेनात. सिमेंटवाले, फरशीवाले, वाळूवाले. बायकोनं एक फोन उचलला. “गगनभेदी साहेब आहेत का?” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो आरशासमोर उभा राहून मूठ वळत होता. “आहेत,” ती म्हणाली, “पण आत्ता ते स्वतःविरुद्ध घोषणा पाठ करतायत. थोड्या वेळानं करा.”

फोन ठेवून ती त्यांच्यासमोर बसली. “अहो, सांगून टाका सगळ्यांना.”

“कसं सांगू? अध्यक्ष आहे मी!”

“कुणाच्या विरुद्ध?”

“माझ्याच!”

“मग समेट करून मोकळे व्हा की!”

तिला सोपं वाटत होतं. पण ज्या गल्लीतल्या प्रत्येक डोळ्याचा नंबर आपल्याला तोंडपाठ, त्या गल्लीच्या नजरेला नजर कशी द्यायची, या विचारानं चष्मेवाल्यांनी पुन्हा आरशाकडे तोंड फिरवलं.

त्यातच लिफ्टवाला आला. फोनवर नाही, प्रत्यक्ष! मोठ्या बाई चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला दुकानात बसल्या होत्या आणि हा गृहस्थ हातात बॅग घेऊन आत शिरला. “नमस्कार! गगनभे—”

“बसा!” चष्मेवाल्यांनी त्याला खांदे धरून तपासणीच्या खुर्चीत दाबलं. “केव्हापासून दुखतंय डोकं?”

“डोकं? नाही हो, मी बारा मजल्यांच्या—”

“बारा! ऐकलंत बाई? बारा वर्षं दुखतंय म्हणतात!” त्यांनी जड लोखंडी चौकट त्याच्या नाकावर चढवली, तिच्यात दोन जाड भिंगं सरकवली. “शेवटून दुसरी ओळ वाचा!”

“साहेब, आमची लिफ्ट—”

“ल! बरोबर! पुढे?”

“बिचारा,” मोठ्या बाई म्हणाल्या, “एकही अक्षर धड येत नाही. शाळा कुठली हो तुमची?”

शाळेचं नाव निघाल्यावर लिफ्टवाला खचला. त्यानं निमूटपणे सगळ्या ओळी वाचल्या. त्याला खरंच लांबचं कमी दिसत होतं! जाताना तो नवा चष्मा करायला टाकून गेला आणि लिफ्टचा विषय त्याच्या बॅगेतच राहिला.

बाई गेल्यावर चष्मेवाले घाम पुसत होते, तोच बेकरीवाले मागच्या दारानं आत आले. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली आणि कानाशी येऊन म्हणाले, “अध्यक्ष, एक खाजगी बोलू? मोर्च्यात मी सगळ्यात पुढे असणार, त्यात वाद नाही. पण मोर्चा संपल्यावर तो गगनभेदी तुम्हाला एकटा भेटला, तर त्याला सांगा, माझी बेकरीही त्या जागेला लागूनच आहे. म्हणजे, घेणार असेल तर.”

परवापरवा याच माणसानं तिथं तुरुंग बांधला होता आणि आता कैदी व्हायला निघाला होता!

मग सुनावणी जाहीर झाली. नगरपालिकेनं वर्गणी भरली होती आणि पोर्टल उघडल्याबरोबर मुख्याधिकाऱ्यांना आपली मोकळी जागा लालभडक झालेली दिसली होती. लाल म्हणजे मागणी, असं कंपनीचं म्हणणं.

सभागृह खच्चून भरलं. मोर्चा थेट आत आला. अध्यक्षांचा घसा बसलेला होता. खरा की खोटा, ते त्यांनाच माहीत. व्यासपीठावर मुख्याधिकारी आणि त्यांच्या शेजारी कंपनीचा एक टायवाला तरुण. त्यानं पडद्यावर नकाशा दाखवला. मधोमध ती जागा, निखाऱ्यासारखी.

“या जागेला बाजारानं कौल दिलाय,” टायवाला म्हणाला. “गेल्या काही दिवसांत तीन नामवंत विकासकांत चुरस आहे!”

तीन? चष्मेवाल्यांनी कान टवकारले. दोन खरे आहेत तर! आपण नसतो तरी हे होणारच होतं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

“त्या मागणीमुळे जागेचं आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आहे,” मुख्याधिकारी म्हणाले आणि त्यांनी नावं वाचली. “गगनभेदी डेव्हलपर्स, बारा मजले. ज्ञानदीप इन्फ्रा, अठरा मजले. आणि खमंग रिअल्टी, चोवीस मजले.”

खमंग म्हटल्यावर अख्ख्या सभागृहाची मान बेकरीवाल्यांकडे वळली.

“तिन्ही संस्थांच्या प्रतिनिधींनी पुढे यावं.”

कुणी हललं नाही. पंखे गरगरत होते. मुख्याधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. “आक्षेप नसेल तर आरक्षण बदललं असं समजतो,” असं म्हणून त्यांनी पेन उघडलं.

चष्मेवाल्यांना समोरच्या बाकावर गल्लीतली पोरं दिसली. फलक धरून धरून दमली होती बिचारी. बायकोनं कोपरानं ढोसलं. सुई टोचावी तसं कोपर होतं तिचं! चष्मेवाले ताडकन उभे राहिले.

“सही करू नका! गगनभेदी म्हणजे मी!”

टायवाल्यानं घाईघाईनं आपली यादी तपासली.

“मला फक्त बघायचं होतं हो, तिथं काय होणार आहे ते! नागरिकाला बघूच देत नाहीत, म्हणून विकासक झालो. एक वीट रचायची अक्कल नाही मला. घरातला खिळासुद्धा हिला ठोकावा लागतो!”

“हे खरंय,” बायको उभी राहून म्हणाली.

आता गल्ली आपल्याला फाडून खाणार म्हणून चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. मोठ्या बाई उठल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मान खाली होती.

“ज्ञानदीप इन्फ्रा… माझी आहे. गगनभेदीचा कावा ओळखावा म्हणून मी पोर्टलवर गेले. तिथं दुसरं काही होताच येईना. त्याला धाक बसावा म्हणून अठरा मजले लिहिले.”

बेकरीवाल्यांचं वेगळं सांगायला नकोच होतं, पण तेही उठले. “मी चोवीस लिहिले. म्हटलं, चढाओढ दिसली की गगनभेदी बेकरीला भाव चांगला देईल.”

एवढं ऐकल्यावर आधी कारकून हसला. मग पोरं, मग अख्खं सभागृह. मुख्याधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन बंद केलं आणि टायवाल्याकडे वळले. “मूळ आराखड्यात तिथं काय होतं?”

“सर, त्या तपशिलासाठी उच्च श्रेणीची—”

“अहो, आराखडा आमचा आहे!” मुख्याधिकाऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली.

टायवाल्यानं घाईघाईनं दोनचार बटणं दाबली. निखारा विझला आणि तिथं हिरवा चौकोन उमटला. बाग!

“आणि बाग रद्द का करत होतात?”

“सर, बाग कुणी शोधलीच नाही. विकासकांनी, गुंतवणूकदारांनी, कर्ज देणाऱ्यांनी, कुणीच नाही. मागणी शून्य.”

मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव जागच्या जागी फेटाळला. बाग होणार! सभागृह दणाणलं. बाहेर आल्यावर मोठ्या बाईंनी चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “चूक कबूल केलीत, शाबास. मात्र घोषणा अजूनही घशातूनच देता.” चष्मेवाले त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वरून घरी आले.

काम सुरू झालं. झाडं आली, बाक आले, पोरांना नवे झोपाळे आले. आणि एके दिवशी बागेच्या कडेला, चष्म्याच्या दुकानाच्या अगदी समोर, विटांची एक ठेंगणी, चौकोनी खोली उभी राहू लागली. चष्मेवाल्यांना वाटलं, माळ्याची असेल. मग तिला दोन दारं बसली. एका दारावर टोपीवाल्या माणसाचं चित्र निघालं आणि दुसऱ्यावर बाईचं.

ते तसेच नगरपालिकेत धावले.

“बागेचा भाग आहे तो,” कारकून म्हणाला. “आराखड्यात पहिल्यापासून होता.”

“माझ्या दुकानाच्या तोंडावर? मला हरकत घ्यायचीय!”

“मुदत संपली की! तुमचा मोर्चा चालू होता, तेव्हाच होती.”

“कुणी सांगितलं नाही!”

“पोर्टलवर होतं.”

“अहो, मी पोर्टलवरच तर होतो! सकाळ-संध्याकाळ!”

“हो, पण विकासक म्हणून,” कारकून हळहळून म्हणाला. “हरकत नागरिकांनी घ्यायची असते.”

चष्मेवाले परत आले ते बाकावर न थांबता सरळ दुकानात जाऊन बसले. बाग आता गजबजलेली असते, लांबलांबून माणसं येतात. त्यांतली निम्मी घाईघाईनं दुकानाच्या पायरीवर चढून विचारतात, “ओ काका, इथं स्वच्छतागृह कुठं आहे?”

“समोर एवढी मोठी पाटी लावलीय!” चष्मेवाले खेकसतात. “दिसत नाही का?”

एखादा गांगरून म्हणतो, “नाही हो!”

की लगेच चष्मेवाले उठतात आणि खुर्चीवरची धूळ झटकून म्हणतात, “आधी जाऊन या. मग इथं बसा.”